अध्यक्षांच्या नाकातली रोवणी

लेयर म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! मोबाइलवर बघून बघून शिकलोय. "पडद्यावर दहा चित्रं टाका, कोण पुढं नि कोण मागं ते मी ठरवतो!" असं मी स्टाफरूममध्ये छाती ठोकून सांगितलं. गाढव होतो. आमच्या शाळेत पुढं-मागं संगणकाचा मास्तर ठरवत नसतो!

आठवीतल्या समीक्षानं संगणकावर ठोकळे जोडून प्रोग्राम केला होता. बॅकड्रॉपला चोरखमारा तलावाच्या पाण्यावरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तिनं स्वतः काढलेला फोटो. त्यावर रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणारी तिची आई, पार्वताबाई. बटण दाबलं की आई एक पाऊल मागं सरकायची आणि तिच्या पुढं धानाच्या रोपांची, पऱ्यांची, एक ओळ उभी राहायची. चिखलात पाय पडल्याचा छपछप आवाजसुद्धा!

"परे पुढच्या लेयरात टाकले सर. आई रोवत रोवत मागं जाते ना!"

हे मी शिकवलं नव्हतं. तालुक्यातून एकच प्रकल्प गोंदियाच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि तो हाच होता.

मुख्याध्यापक केशोरावांनी पाहिलं. "अध्यक्षजींचा फोटो कुठी हाय?"

"सर, रोवणीत अध्यक्ष कायले?" मी विचारलं.

"काऊन? फोटोबिगर आपल्या शाळेचा एक तरी फ्लेक्स लागला काय आजवर?"

हा फ्लेक्स नव्हे, हे कोण सांगणार? मी शक्कल लढवली. फोटो बॅकड्रॉपमध्येच चिकटवला, आभाळाच्या जागी. आभाळात काय कमी जागा असते? पण अध्यक्षांचा चेहरा आभाळात मावला नाही, बांधीत उतरला.

संस्थेचे अध्यक्ष चुन्नीलालजी तालमीला आले. समीक्षानं बटण दाबलं.

"अरे मास्टर! ये बाई मेरी नाक में रोपा क्यों लगा रही है?"

केशोराव पांढरे पडले. "अध्यक्षायले मागं टाकलं तुमी? पुढं आणा! अन् बाजूले माहा फोटो लावजा, लहानसा!"

लहानसा म्हणजे अध्यक्षांच्या कानाएवढा. तो मुंगीसारखा दिसतो म्हणून वाढवला. मग अध्यक्ष त्याच्यामागं जाऊन राहिले! दोघांनाही 'सतत पुढच्या लेयरवर जा' असा ठोकळा लावला, तर दोघं बिघडल्या ट्यूबलाइटसारखे लुकलुकायला लागले. शेवटी अर्धा पडदा त्यांना, अर्धा यांना. मिटलं भांडण!

प्रदर्शनाच्या दिवशी पार्वताबाई मळणी सोडून आल्या होत्या. परीक्षक मॅडमनी बटण दाबलं. दोन चेहरे आणि मागून छपछप!

"मी कुठी हाव वं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"मागं हास मा."

"मागंच असतो मी. पण दिसून तं राहायले पायजे!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं उरलीत. तुझं काम दाखव, बाळ."

समीक्षा कोणाला घाबरली नाही. अध्यक्षांना निवडलं, काढून टाकलं! केशोराव "अवं, अवं!" करेपर्यंत त्यांनाही उडवलं! माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होवो, मी मनात टाळ्या वाजवल्या.

आणि पडदाभर मी! लग्नातल्या कोटात, हात जोडून. खाली 'मार्गदर्शक : ओमेश सर'. हा माझा फोटो मी सकाळीच कोपऱ्यात गुपचूप टाकला होता. सगळ्यांच्या पुढं यायची लाज वाटली म्हणून त्या दोघांच्या मागं ठेवला आणि त्यांच्याआड त्याचा आकार बघायचा राहून गेला.

"हे कोण?" मॅडम म्हणाल्या.

"थे सर होत," पार्वताबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा पाहून राहिल्या की तो कोट मला आत्ता बोचायला लागला.

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. बोट बटणावर. "सर, काढू?"

एकच शब्द बोलायचा होता. काढ. केवढासा शब्द!

मी म्हणालो, "आधी थोडा छोटा होते काय, पाह्य ना!"

तो छोटा होईपर्यंत घंटा वाजली.