वृक्षमित्राचा कटर

सणसरच्या सावळारामतात्यांना तालुक्यातल्या एका मंडळानं वृक्षमित्र ठरवलं आणि सत्कार त्यांच्याच अंगणात करायचा ठरला. इंदापूरहून साहेब, म्हणजे तालुक्याचे पुढारी, येणार होते. साहेबांच्या मनात भरलं, की साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्यांच्या पॅनेलमध्ये नाव पक्कं. त्या नावासाठी तात्या कधीपासून झुरत होते.

अडचण एकच होती. गच्चीला बांधलेल्या फ्लेक्सवर तात्या छान हसत होते, पण मधे करंजाचं झाड. रस्त्यावरून बघणाऱ्याला नुसते बूट दिसायचे. आदल्या दिवशी तात्यांनी झाडं तोडायचा कटर बाहेर काढला. एक फांदी गेली, कान दिसला. दुसरी गेली, अर्धी मिशी दिसली. अर्ध्या मिशीवर तात्यांचं भागेना, आणि दुपारपर्यंत करंजाचा नुसता खुंट उरला.

पाला गोळा करता करता तात्यांच्या बायकोचे, दगडाबाईंचे, हात कोपरापर्यंत काळे झाले.

“अवो, कारखान्याची काजळी इतकी वर्षं ह्या पानांवर बसत व्हती. आता कुठं बसंल?”

“तिला काय, सारं गाव मोकळं हाय,” तात्या म्हणाले.

पण काजळीला सवय इथलीच होती. गाळप ऐन भरात होतं, आणि सकाळी नेमका धुराड्याकडून वारा सुटला. फ्लेक्सवर राख बसली. गडी म्हस्कूनं ओला फडका मारला, तशी तात्यांची मिशी दोन्ही गालांवर पसरली. दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुणी तीळ पेरल्यासारखं झालं. कपाटातला दुसरा घातला, तर उंबरा ओलांडून फाटकापर्यंत जाईतो त्याचीही तीच गत.

साहेब आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं आणि उभेच राहिले. मग त्यांची नजर शेजारी आबाजींच्या दारातल्या थोरल्या चिंचेकडे गेली. तिच्याखाली सगळं स्वच्छ होतं. कार्यक्रम तिकडं घ्या, म्हणाले. तात्यांचं आबाजींशी बांधावरून वाकडं होतं, पण इलाज नव्हता. आपल्याच खुर्च्या पुसत पुसत तात्या तिकडे गेले.

सावलीत साहेबांचा जीव रमला. एवढं झाड जपलं म्हणून ते आबाजींचं कौतुक करू लागले आणि बोलता बोलता शाल त्यांच्याकडेच वळली. तात्यांनी हिशेब केला. शाल गेली म्हणजे पॅनेलही गेलं.

आबाजी मागं सरकले. माणूस सरळ.

“मी कसला जपतोय, साहेब? सगळा पाला माझ्या पत्र्यावर पडतो. दिवाळीतच तोडणार व्हतो. तात्यांकडं कटर मागितला, त्यांनी दिला न्हाय. झाड वाचलं ते त्यांच्यामुळं.”

साहेब गहिवरले. शेजाऱ्याचं झाड वाचवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. शाल तात्यांच्या खांद्यावर पडली आणि पॅनेलचं नाव तिथंच जाहीर झालं. तात्यांचे डोळे भरून आले. डोळ्यांत काजळी गेली असेल, असं म्हस्कूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबाजी दारात. साऱ्या आळीनं धुणी त्यांच्या चिंचेखाली आणून वाळत घातली होती, आणि त्यांना स्वतःच्या घरात वाकून शिरावं लागत होतं.

“तात्या, आता तरी द्या की कटर.”

तात्यांनी खुंटाकडे बघितलं, मग चिंचेकडे बघितलं. तिथल्या दोरीवर दगडाबाईंनी त्यांचेच दोन सदरे टाकले होते.

“न्हाय मिळायचा,” तात्या म्हणाले. दिवाळीतही ते हेच म्हणाले होते. तेव्हा खांद्यावर शाल नव्हती, एवढंच.