परबांच्या बायोची लादी

भर ऑगस्टात, बहारीनमध्ये, दुकानात जाऊन हीटर मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे परब, आणि त्यात धंद्याने एसी मेकॅनिक! दिवसभर अख्ख्या मनामा शहराच्या खोल्या थंड करून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा, तो काय गरम करावं या विवंचनेत.

घरी म्हणजे आमच्याच घरी. ऐंशीच्या सुमारास आम्ही नवरा-बायको आणि शाळकरी मुलगी एका फ्लॅटमध्ये राहायचो, आणि त्यातली एक खोली परबांना भाड्याने दिली होती. कुडाळकडचा माणूस, निर्व्यसनी, शांत. एकदा बायको चहाचा कप आणायला त्यांच्या खोलीत गेली आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. टेबलावर काचेची पेटी, पेटीत वीतभर पाल! पिवळी, अंगभर बिबट्यासारखे ठिपके.

"वयनी, भिंतीवरची न्हय ती," परब समजावू लागले. "पापण्यो आसत तिका. बघा, डोळे मिटता."

बायकोला धीर द्यायला मी पुढे झालो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी खुर्चीवर उभा होतो, असं मुलगी अजून सांगते.

मायदेशी परतताना परबांच्या इंग्रज साहेबाने ही पाल त्यांना दिली होती. परबांनी तिचं नाव ठेवलं बायो, त्यांच्याकडे लहान मुलीला लाडाने म्हणतात तसं. तिला अंथरायला त्यांनी आधी सखीरच्या वाळवंटातून वाळू आणली, चाळून, धुऊन, गच्चीत वाळवून. आमची पिठाची चाळणी त्यात गेली. मग कुणीतरी सांगितलं, पाल किडे खाते तेव्हा वाळूही गिळते आणि पोट बंद होतं. परब हादरले. वाळू गेली, वर्तमानपत्र आलं. ते मी वाचण्याआधीच पेटीत जायचं. शेवटी लादी ठरली, कारण एसीच्या गारठ्यात पालीच्या पोटाला खालून ऊब हवी आणि लादी ती धरून ठेवते. जिथे काम चालू असेल तिथून एकेक फुटकी लादी आणायची आणि हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून ऊब जोखत बसायचं. सून पसंत करायलाही माणूस इतका वेळ घेत नाही.

"थंडी वरसून सोडूची, ऊब खालसून देवची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "थर्मोस्टॅटशिवाय संसार नाय!"

ती खालची ऊब कुठून आली, हे मला कंबर धरली तेव्हा कळलं. माझी विजेवरची शेकायची पिशवी बायोच्या लादीखाली होती. मी संतापून मागायला गेलो आणि "राहू द्या, तिला जास्त गरज आहे," असं म्हणून परत आलो. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्याबद्दल लिहीत नाही.

एका शुक्रवारी, सुटी असूनही, परबांना सितरा बेटावरून तातडीचं बोलावणं आलं. जायच्या आधी त्यांनी पिशवीला जुन्या एसीतला थर्मोस्टॅट जोडला, टक् आवाज आला, पिशवी तापू लागली आणि ते खुशीत गेले. तासाभराने बायको म्हणाली, "अहो, जळका वास येतोय."

आत गेलो तर बायो तोंड वासून काचेला पाय लावून उभी. पोट धपापत होतं. मी प्लग उपटला, पण लादी तव्यासारखी तापलेली.

"बाबा, पिक हर अप!" मुलगी ओरडली.

मी? मी पाल उचलणार? पण बायोचा एक पाय काचेवरून घसरला, आणि मी डोळे गच्च मिटून हात घातला. तिला न्हाणीघरातल्या गार फरशीवर ठेवलं. खलास, असंच वाटलं. दहा मिनिटांनी तिने जीभ बाहेर काढली. बायको तिच्यासाठी बशीत पाणी घेऊन उभी होती.

परब आले, त्यांनी वायरी पाहिल्या आणि न्हाणीघरात येऊन बायोशेजारी फरशीवर बसले. एसीचा थर्मोस्टॅट गरम झालं की चालू होतो; इथे हवा होता बंद होणारा. पेटी जितकी तापेल तितका तो पिशवी चालूच ठेवणार.

"इतकी वर्सां ह्याच काम करतंय मी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "भाऊ, हाताक कशी लागली?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मी तिका कधी हातात घेवक नाय. झाकणावर घेऊन पेटी पुसतंय."

मी थक्क झालो. एवढं करणारा माणूस, आणि हात लावलेला नाही!

"आमचा चेडू, लेक माझी, सातव्या म्हयन्यात झाला," परब फरशीकडे बघत म्हणाले. "तिकडे गावाकडे दवाखान्यात, काचेच्या पेटयेत ठेवलेला. खालसून ऊब. माका रजा गावली नाय. मी गेलंय तेवा ता दुडूदुडू चलाक लागलेला. माका बघून आजयेमागे लपला." मग म्हणाले, "ल्हान जिवाक कसा धरूचा, माका ठाऊकच नाय."

मी त्यांचा हात धरला, उताणा करून फरशीला टेकवला आणि बायोला मागून बोट लावलं. ती एकेक पाय टाकत तळव्यावर चढली, बसली, आणि तिने डोळे मिटले.

परबांनी तळवा हळूहळू डोळ्यांसमोर उचलला.

"हिका वजनच नाय ओ," ते म्हणाले.