पहिल्या गेरातला दिगू

दिगूला घाईचा मनापासून तिटकारा. गरम चहावर तो फुंकरसुद्धा मारत नाही. निवेल तेव्हा निवेल, म्हणतो. मुरबाडच्या बाजारात त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिथेच नव्वदच्या दशकात आमचा बँड जन्माला आला, आणि त्याला कारण झाले उतरलेले सेल.

कुणीतरी कल्याणहून त्याला धांगडधिंग्याची एक इंग्रजी कॅसेट आणून दिली होती. टेपरेकॉर्डरचे सेल संपत आलेले, त्यामुळे गिटार म्हशीसारखी हंबरत होती आणि गाणारा विहिरीच्या तळातून ओरडत होता. दिगू आठवडाभर तेच ऐकत राहिला. शेवटी मला दया आली आणि मी नवे सेल टाकले. गाणं सुसाट सुटलं. दिगूने शांतपणे टेप बंद केला.

"यांची यष्टी सुटते काय रे?" त्याने विचारलं.

बँड काढायचा तर उतरलेल्या सेलांच्या चालीचाच, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. अशा संगीताला डूम मेटल म्हणतात आणि जगात आणखीही लोक ते वाजवतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गिटारला दिगू, गळ्याला स्टँडच्या कँटीनमधला मोरू आणि ड्रमला मी. मी मूळचा बेंजो पार्टीतला, हळदीत पाहुण्यांना नाचवून घामाघूम करणारा. एक ठोका मारून गप्प बसायचं म्हणजे मला शिक्षाच. पण हात जरा सैल सुटला की दिगू म्हणायचा, "पयल्या गेरात घे. माळशेज काय टॉपात चढतो?"

जुन्या पलंगाच्या फळ्यांचा त्याने कपाटाएवढा स्पीकर बनवला होता. सराव दर रविवारी, त्याच्याच पडवीत. आळी वैतागायची, पण त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, त्याच खोक्याला टेकून तांदूळ निवडत बसत. त्यांना कित्येक वर्षं अजिबात ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्यांना कसला त्रास, असं मी समजत होतो.

पुढे कल्याणच्या एका स्टुडिओत पहिली कॅसेट करायचं ठरलं. मोरूने अख्ख्या स्टँडला सांगून ठेवलं. तिथला माणूस म्हणाला, जरा वेग वाढवा, खालचा घुमारा कापू, नाहीतर कोण ऐकणार? दिगूने गिटार पिशवीत घातली. परतीच्या जीपमध्ये मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

रविवारी त्याने कॅसेट भरायला पडवीतच टेपरेकॉर्डर मांडला. मी गेलो, पण मुद्दाम ड्रम बडवत सुटलो. काकींनी स्पीकरच्या फळीवर टेकलेला तळवा उचलला आणि गोंधळून दिगूकडे पाहिलं. दिगू थांबला.

"भरभर वाजवलंस का तिला नुसती खरखर लागते रे," तो हळूच म्हणाला. "हळू मारलास का तिला ठोका धरता येतो."

मला फार लाज वाटली. काकींनी पुन्हा हात टेकला. मी एक ठोका मारला आणि थांबलो, त्यांचा हात फळीवर ठोका धरेल याची वाट बघत.

कॅसेट ऐकली तर प्रत्येक ठोक्यामागून फळीवर वाजणाऱ्या बांगड्यांची बारीक किणकिण येत होती. हा आवाज नको, परत घेऊ, असं मोरू म्हणाला. दिगूने माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे," मी म्हणालो.