पूर्णविरामाचा घोट

कादरमास्तर धडा वाचून दाखवायला उभे राहिले की आधी तांब्या भरून घेत. वाक्य संपलं की तांब्या तोंडाला. एक घोट, मग पुढचं वाक्य. स्वल्पविरामाला नुसता श्वास. "स्वल्पविराम म्हंजी दम, पूर्णविराम म्हंजी घोट," एवढंच त्यांचं विरामचिन्हांचं शास्त्र. एखादं वाक्य लांबतच गेलं की मास्तरांचा घसा कोरडा पडे आणि ते पुस्तक मिटून विचारत, "ह्या लिवणाऱ्याला तहान लागत न्हाय का वो?"

रमजानात पाणी बंद. पण पूर्णविराम कसे बंद ठेवणार? मग चौथीतली मुलं पाळीपाळीनं मास्तरांच्या वतीनं घोट घेत. आपली पाळी कधी येते म्हणून सगळा वर्ग पूर्णविरामावर डोळा ठेवून असे. तेर गावच्या त्या शाळेत चौथीच्या वह्यांत एक पूर्णविराम सुटलेला मला कधी सापडला नाही. मी शिकवायचो त्या तिसरीत मात्र सगळी वाक्यं एकमेकांत घुसलेली, आणि मी सोलापूरहून व्याकरण कोळून पिऊन आलेला!

मास्तरांचं स्वतःचं शिक्षण सगळं उर्दूतून. निजामाचं राज्य गेलं, पुढं उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला आणि हुकूम निघाला की उर्दूतून शिकलेल्या मास्तरांनी मराठीची परीक्षा द्यावी. तीनदा नापास होणाऱ्याला वर्गावरून काढून उस्मानाबादच्या कचेरीत बसवणार. मास्तर मराठी झकास बोलत, वाचतही झकास, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ त्यांचा छळ मांडत. त्यातून पहिल्या खेपेला त्यांनी उर्दूच्या सवयीनं उत्तरपत्रिका मागून उघडली आणि शेवटच्या पानापासून लिहीत लिहीत पहिल्या पानावर आले. तपासणाऱ्याला निबंधाचा शेवट आधी आणि 'प्रस्तावना' सगळ्यात शेवटी वाचायला मिळाली. "म्या बराबरच लिवलं, गुरुजी," मास्तर मला म्हणाले, "त्यांचीच वही उलटी शिवलेली व्हती." दुसऱ्या खेपेला पानं सुलट लागली, पण तीन गुण कमी पडले.

त्यानंतर त्यांनी एक अजब रीत पाडली. रोज घरी मराठीत पानभर लिहायचं आणि सकाळी वही गंगूपुढं ठेवायची. गंगू ही कुंभाराची मुलगी, चौथीत शुद्धलेखनात पहिली. ती लाल पेन्सिल घेऊन ऐटीत वही तपासे, खाली शेरा मारी आणि मास्तर तिच्यासमोर मांडी घालून प्रत्येक चुकलेला शब्द दहादा लिहीत.

मला ते बघवेना. मी म्हणालो, "मास्तर, लेकरांपुढं आपली पत काय राहील? द्या इकडं, मी तपासतो."

त्यांनी वही चटकन काखेत घातली. "तुमचा वकत कशाला घालवता, गुरुजी? गंगू बगती की बराबर."

माझ्या व्याकरणाचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी अख्खी चौथी मोटारीपाशी जमली. मोटार हलली तशी गंगू खिडकीखालून धावत ओरडली, "मास्तर, वही हिकडनं उघडायची! हिकडनं!" आणि हवेत पान उलटून दाखवू लागली. महिन्यानं निकाल आला. मास्तर पास! आनंद मलाच आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले आणि गंगूला ओंजळ भरून दिले.

मला वाटलं, सुटलो, आता ती वही बंद. तिसऱ्या दिवशी बघतो तर वही पुन्हा गंगूपुढं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, पास झालात ना? मग आता कशाला हे?"

मास्तरांनी गंगूच्या हातून वही घेऊन माझ्या हातात दिली. मी ती उभ्या उभ्याच चाळली.

'आज भाकरी केली. मीठ विसरलो. तशीच खाल्ली.' खाली लाल पेन्सिलीत शेरा: 'मिठाची बरणी चुलीपाशी ठेवावी.'

'बिदरहून जरीनाचे पत्र नाही. लग्न झालेल्या मुलीला कामे फार असतात.' खाली: 'पत्र येईल.'

'जरीनाच्या अम्मीला जाऊन आज तीन वर्षे झाली.' खाली बराच वेळ विचार करून मारल्यासारखा शेरा: 'एकही चूक नाही.'

मला माझीच लाज वाटली. कचेरीत बसायला या माणसाला काय अडचण होती? खुर्ची होती, पंखा होता. पण आज तुम्ही काय खाल्लं, कोण आठवलं, हे रोज सकाळी वाचणारं तिथं कोण होतं? तिसरी परीक्षा त्यांनी या लाल पेन्सिलीसाठी दिली होती.

मी शेवटचं पान उघडलं. निकाल लागला त्या दिवशीचं. 'पास झालो. घरी गेलो. सांगायला कोणी नव्हते. भिंतीला सांगितले.'

खाली गंगूनं जरा दाबूनच लिहिलं होतं, 'असे करू नये. आधी आमच्या घरी यावे.'