खेकडा क्लबचे तेवीस चाचे

समुद्री चाचेगिरी हा मुळातच खर्चिक धंदा आहे. म्हणूनच खरे चाचे आधी जहाज लुटतात आणि मग कपडे शिवायला टाकतात. अनोमाक्रोम या आमच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या खेकडा क्लबला हा क्रम उलटा करावा लागला. त्यातून पुढे जे घडलं त्याचा दोष कुणालाच देता येत नाही, असा निष्कर्ष क्लबच्या चौकशी समितीने (सदस्यसंख्या एक, तोही क्लबचाच कप्तान) एकमताने काढला आहे.

एक जानेवारीला अनोमाक्रोमात सोंगांची स्पर्धा असते. चार क्लब तारेच्या जाळीचे गुलाबी मुखवटे चढवून, आपापला बँड घेऊन गावभर नाचत जातात आणि चौकातले तीन परीक्षक फळ्यावर गुण मांडतात. खेकडा क्लब सलग सात वर्षं चौथा आला होता. चार क्लबांत चौथं येणं एकदा कुणालाही जमतं, सात वर्षं टिकवायला मात्र शिस्त लागते. एका वर्षी ते अंतराळवीर झाले होते. स्वयंपाकाच्या चंदेरी कागदात गुंडाळलेले चार सभासद दुपारी बारापर्यंत निम्मे शिजले. गेल्या वर्षी डॉक्टर झाले, तर नाच कुणी पाहिलाच नाही. एकसष्ट जणांनी जीभ दाखवली आणि दोघांनी औषधाचा गुण आला नाही म्हणून तक्रार केली.

यंदा मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. नियम चौदाप्रमाणे आठव्यांदा शेवटचा येणारा क्लब बरखास्त होतो आणि त्याचा मोठा ढोल पहिल्या आलेल्या क्लबाकडे जातो. हा ढोल कप्तान एबो इसिल्फीच्या आजोबांनी स्वतः कोरला होता. एबो फ्रिज दुरुस्त करायचा. ढोल गेला असता तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मुखवट्याची सोय होती म्हणा, पण क्लब गेल्यावर मुखवटा तरी कुठला?

"यंदा चाचे व्हायचं," एबो सभेत म्हणाला. "माणशी चाळीस सेदींत."

"चाळीस सेदींत तर मुलाचा शाळेचा बूटसुद्धा येत नाही," क्लबची शिंपीण म्हणाली. ती त्याची बायको एकुआ, त्यामुळे बुटांचे भाव तिला तोंडपाठ होते.

"चाच्याला एकच बूट लागतो. दुसरा पाय लाकडाचा असतो."

हा मुद्दा बिनतोड असल्याने ठराव मंजूर झाला.

सामानाची जुळवाजुळव पुढीलप्रमाणे झाली. डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून आल्या. या बाजाराला आमच्याकडे 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' म्हणतात. एका ब्रेसियरमधून दोन पट्ट्या निघतात, म्हणजे तेवीस चाच्यांना साडेअकरा लागल्या (उरलेली अर्धी कचेरीत राखीव ठेवली आहे). टोप्या दुधाच्या डब्यांच्या खोक्यांच्या झाल्या. हाताचे आकडे कपडे टांगायच्या हँगरचे. लाकडी पाय एकट्या कप्तानालाच द्यायचा ठरला आणि त्यासाठी एकुआचं फुफूसाठी उकडलेले कंद कुटायचं मुसळ घेतलं. त्यामुळे त्या घरात आठवडाभर फुफू शिजलं नाही आणि एबोशी कुणी बोललंही नाही. पोपट महाग निघाला, म्हणून खजिनदाराची कोंबडी हिरवी रंगवली. कोंबडीने हरकत घेतली, पण ती सभासद नव्हती.

राहिले कपडे. इथे एबोची बुद्धी खरी चमकली. आमच्या गावात माणसाकडे पलंग नसेल, छत्री नसेल, पण मयताला जाताना नेसायचा काळा-लाल कपडा नाही असा एक माणूस दाखवावा. चाच्याचे रंग तरी कोणते? काळा आणि लाल! या बाबीवर खर्च शून्य झाला.

बँडही स्वस्तात मिळाला. नवीन वर्षाच्या दिवशी चांगले बँड आधीच ठरलेले असतात. जो उरला होता तो वर्षभर मयतांनाच वाजवायचा, त्याला सहा चाली येत आणि त्यातल्या पाच पुरण्याच्या होत्या. निशाणावरची कवटी गावातल्या मृत्यूच्या फलकांच्या रंगाऱ्याने फुकट काढून दिली. हाताच्या सवयीने त्याने खाली 'किती हा धक्का!' असंही लिहिलं. पुसायला वेगळे पैसे मागितल्यामुळे ते राहू दिलं. खजिन्याची पेटी सुताराने एक दिवसासाठी दिली. हा सुतार मासा, मोटार, कांदा अशा हव्या त्या आकाराच्या शवपेट्या बनवतो. एका सावकाराने आपल्यासाठी खजिन्याच्या आकाराची करून घेतली होती आणि ती वापरायची वेळ त्याच्यावर अजून आली नव्हती.

यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे बघितला तर अचूक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आता नियम नऊ. मुखवटा चढवल्यावर बोलायचं नाही. दर शब्दाला दोन गुण कापले जातात. मुखवट्याआडचा माणूस ओळखू येता कामा नये, हा त्यामागचा हेतू.

तर एक जानेवारीला सकाळी नऊ वाजता काळे-लाल कपडे नेसलेले तेवीस मूक पुरुष, चौघांच्या खांद्यावर पेटी, पुढे 'किती हा धक्का!' आणि मागे आजोबांच्या ढोलासह मयताचा बँड, असं आमचं चाच्यांचं सोंग मासळीबाजाराच्या गल्लीत शिरलं.

गल्लीतल्या लोकांनी टोप्या काढल्या.

"कोण गेलं रे बाबांनो?" कोळंबी विकणाऱ्या म्हातारीने विचारलं.

तेवीस जण गप्प.

"तोंडातून शब्द फुटत नाहीये बिचाऱ्यांच्या," म्हातारी म्हणाली आणि टोपली झाकून मागोमाग चालू लागली.

एबोच्या लक्षात सगळा प्रकार आला, पण 'कुणी गेलं नाही, आजी' म्हणायला आठ गुण लागत होते. त्याने हात हलवून नाही-नाही केलं. त्याचा हँगरचा आकडा उन्हात चमकला आणि तीन बायकांनी हंबरडा फोडला.

दुसऱ्या गल्लीपर्यंत मागे दोनशे माणसं झाली. प्रश्न एकच, पेटीत कोण? आमचं गाव अडाणी नाही, त्यामुळे पद्धतशीर विचार झाला. क्लब खेकड्यांचा आहे. पुढे नाचणारा कप्तान एबो असायला हवा. पण हा तर लंगडत, ठेक्यावर, देखणा नाचतोय.

"एबो असा नाचत नाही," खाटीक म्हणाला.

"एबो नाचला की कोंबड्या पळतात," न्हावी म्हणाला. "याच्या तर खांद्यावर बसलीय."

पुरावा निर्णायक होता. एबो पेटीत होता.

बातमी चौकात पोचायच्या आत एबोची सासू मामे अंबा पोचली. लेकीच्या लग्नापासून चौदा वर्षं या बाईने जावयाबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. आज तिने पेटीवर डोकं टेकलं.

"सोन्यासारखा जावई गं माझा! माझा फ्रिज बंद पडला तेव्हा रविवार असून आला! पैसे घेतले नाहीत! वर म्हणाला, मामे, मासळी काढून ठेव, नासेल! असा जीव लावणारा कुठे मिळणार आता?"

हे ऐकून एबो नाचता नाचता मुसळावर अडखळला. प्रेतयात्रा आपली असली तरी ऐकायला वाईट नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते चांगल्या माणसाच्या मनात येऊ नये, पण येतं.

एकुआ गर्दीतून ओरडत होती, "अहो, तो जिवंत आहे! तो बघा, माझं मुसळ लावलंय त्याने पायाला!"

"असंच वाटतं गं सुरुवातीला," बायकांनी तिला धरलं. "माझा गेला तेव्हा मला तर महिनाभर दारात दिसायचा. बस, पाणी पी."

मग आपला नाच आटोपून मुखवटा उतरवलेला गरुड क्लबचा कप्तान जोजो बेंटसिल पुढे आला. हा गडी सात वर्षं पहिला. डोळे पुसत त्याने कबूल केलं की चार वर्षांपूर्वी खेकड्यांच्या तुताऱ्यांत मिरचीपूड त्यानेच टाकली होती. "मोठ्या मनाचा माणूस! शिंकत शिंकत नाचला, पण तक्रार केली नाही!" (तक्रार केली होती. अर्ज परीक्षकांकडे आहे.) त्याच्या मागोमाग सोळा जणांनी वेगवेगळ्या गोष्टी कबूल केल्या. त्यांतल्या अकरा गोष्टींबद्दल एबोला आजवर कल्पनाही नव्हती.

तिकडे फळ्यावर गुण चढत होते. पोशाख तिसातून अठ्ठावीस, नाच सत्तावीस. मौन विसातून वीस. 'प्रेक्षकांवर परिणाम' या सदरात वीसपैकी सोळा, कारण उरलेले चार गुण देणारा परीक्षक रडत होता आणि त्याला आकडा दिसला नाही. एकूण एक्क्याण्णव. गरुड चौऱ्याऐंशी. खेकडा क्लब सात गुणांनी पहिला होता. ढोल वाचला होता.

एबोने ठरवलं, संध्याकाळी पाचला निकालावर शिक्का बसेपर्यंत मेलेलं राहायचं. तशी प्रकृती उत्तम होती.

पण जोजोचं मन भरून आलं होतं आणि भरून आलेल्या मनाला थांबता येत नाही. तो हात वर करून म्हणाला, "कप्तान गेला, क्लब पोरका झाला. या पोरक्या क्लबाला मी माझ्या पंखाखाली घेतो! ढोल आजच माझ्या घरी नेतो, लेकरासारखा सांभाळीन!"

टाळ्या पडल्या. खाटकाने ढोल उचलून जोजोच्या खांद्यावर दिला.

एबोने फळ्याकडे पाहिलं. सात गुण. दोन गुणांना एक शब्द. म्हणजे तीन शब्द परवडत होते, चौथा बोलला की गरुड पुढे. फ्रिजच्या गॅससारखे त्याने ते मोजून वापरले.

"ढोल खाली ठेव!"

बँड थांबला. कोंबडीने त्याच्या खांद्यावर अंडं घातलं आणि ते खाली पडून फुटलं. तेवढाच काय तो आवाज झाला.

जावयाचा आवाज सासूला न ओळखू येणं शक्यच नव्हतं. मामे अंबाने पेटीवरून डोकं उचललं.

"मेल्या, जिवंत आहेस?"

एबोने होकारार्थी मान हलवली.

"माणसं रडवतोस? तोंड का शिवलंयस आता? बोल की!"

एबोने फळ्याकडे बोट दाखवलं. पुढचे पाच तास मामे अंबा त्याला बोलत राहिली आणि एबो ऐकत राहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच जावयाने उलट उत्तर दिलं नाही, हे शेजाऱ्यांनी आवर्जून टिपलं. जोजोने ढोल खाली ठेवला आणि मिरचीपुडीचा विषय पुन्हा काढू नये अशी विनंती केली.

परीक्षकांनी सहा गुण कापले. प्रेक्षकांवरच्या परिणामाचे गुणही काढून घ्यावेत अशी मागणी झाली, पण गळलेली आसवं परत घेण्याची तरतूद नियमपुस्तकात नाही. खेकडा क्लब एका गुणाने पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामे अंबा एबोच्या दारात आली आणि पेटीवर म्हटलेला प्रत्येक चांगला शब्द तिने क्रमाने, मोठ्याने परत घेतला. दुपार झाली. मासळी काढून ठेवण्याचं तेवढं परत घ्यायला ती विसरली. एबोने तिला आठवण करून दिली नाही. ते त्याने ठेवून घेतलं.

पुढच्या स्पर्धेसाठी चारही क्लबांनी 'चाचे' हाच विषय नोंदवला आहे, आणि सुताराकडे पेट्या शिल्लक नाहीत. आपापल्या पेटीमागून चालताना काय काय ऐकायला मिळेल, याची प्रत्येक कप्तानाला उत्सुकता आहे. जे अजून जिवंत आहेत त्यांच्याबद्दल कुणी काही बरं बोलावं अशी सोय दुसऱ्या कुठल्याही समारंभात नाही.

हे वाचून ज्यांना आमच्या गावाचं हसू आलं, त्यांनी एक कागद घ्यावा आणि आपल्या घरातल्या जिवंत माणसाला शेवटचं चांगलं वाक्य कधी ऐकवलं, ती तारीख लिहावी. आठवत नसेल तर हरकत नाही. एक काळा कपडा इस्त्री करून ठेवावा. तुम्ही बोलाल, छान बोलाल. फक्त पेटीतून 'आवाज जरा मोठा करा' असं कुणी म्हणणार नाही.