दात नीट करून ठेवा

बाबांना वाकडं काही बघवत नसे. चाळीस वर्षं सुतारकाम केल्यावर माणसाच्या डोळ्यातच काटकोन तपासायचा गुण्या बसतो, आणि मग जगातल्या प्रत्येक कोपऱ्याशी त्याचं भांडण सुरू होतं. कुणाच्या घरी गेले की ते आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत आणि मग विचारत, "बरं आहे ना सगळं?" एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले, तर तिथल्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवून, स्वतःला न दाखवताच परत आले.

अशा माणसाच्या मुलीला वाकडे दात सरळ करण्याचं वेड लागावं, यात नवल काहीच नव्हतं. ती दातांची डॉक्टर होतीच. पण तारा लावून दात जागेवर आणायचं जे पुढचं खास शिक्षण असतं, ते तिला हवं होतं. त्या शिक्षणाच्या जागा होत्या तीन आणि अर्ज आले होते सत्त्याण्णव.

आई हवामान खात्यात नोकरीला होती. त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट ती टक्क्यांतच सांगे.

"तीन टक्के," मुलाखतीच्या आदल्या दिवशी चहा गाळता गाळता ती म्हणाली. "तुरळक ठिकाणी, हलक्या स्वरूपाची."

"आई, मी काय पाऊस आहे का?"

"पाऊस असतीस तर मी तुझा उल्लेखच केला नसता. पाच टक्क्यांच्या खाली आम्ही काही बोलत नाही."

मुलीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. हा तिसरा प्रयत्न होता आणि नियमाप्रमाणे चौथा नव्हता. या वेळी जमलं नाही तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जन्मभर दात उपटत बसायचं. उपटलेला प्रत्येक दात ट्रेमध्ये टाकताना तिला वाटायचं, याला जरा सरकवला असता तरी चाललं असतं.

मुलाखतीला एका रुग्णाच्या दातांचं प्लॅस्टरचं मॉडेल न्यायचं होतं. ते दाखवून, हे दात आपण कसे सरळ करू, हे सात मिनिटांत सांगायचं. तिनं पोस्टमनकाकांचे दात निवडले होते. एक पुढे, एक मागे, एक आडवा. रांग कशाशी खातात हे त्या दातांना ठाऊकच नव्हतं. काका बिचारे हसताना हातातलं पाकीट तोंडावर धरत, त्यामुळे ते लोकांच्या पत्रांचा वास घेतात अशी अफवा होती. माप द्यायला ते एकाच अटीवर तयार झाले. "डॉक्टरताई, तुमचा नंबर लागला की पहिल्या तारा मला."

मॉडेल तयार झालं तसं तिनं ते बाबांच्या कामाच्या टेबलावर ठेवलं, कारण घरात न हलणारं तेवढंच एक टेबल होतं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. चपला घालता घालता ती दारातून ओरडली, "बाबा, उद्या लवकर निघायचंय. ते दात तेवढे नीट करून ठेवा हं!"

तिला म्हणायचं होतं, डब्यात नीट भरून ठेवा. घाईत 'भरून'चं 'करून' झालं, एवढंच.

बाबा भरून पावले. मुलगी डॉक्टर झाल्यापासून तिच्या कामातलं त्यांना काही विचारायची सोयच राहिली नव्हती, आणि आज तिनं आपणहून मदत मागितली होती. त्यांनी चष्मा चढवला, दात उजेडात धरले आणि हळहळून म्हणाले, "अरेरे, पोरीचा हात अजून बसलेला नाही."

संध्याकाळी ती परतली तेव्हा टेबलावर गुळगुळीत लाकडी पेटी तयार होती. झाकणाला सहा स्क्रू.

"बाबा, एवढं कशाला? साधा डबा चालला असता."

"असू दे. काम मनासारखं झालंय. आता उघडू नकोस, पक्कं बसवलंय."

दुसऱ्या दिवशी ती पेटी छातीशी धरून मुलाखतीला गेली. टेबलापलीकडे तीन परीक्षक होते. मधल्या विभागप्रमुख बाई. या बाईंना हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दातांच्या डॉक्टर असूनही त्यांना दात आहेत की नाहीत, यावर विद्यार्थ्यांत दोन तट होते.

"सात मिनिटं," बाई म्हणाल्या. "मॉडेल दाखवा."

"हो मॅडम. स्क्रूड्रायव्हर आहे का?"

"काय?"

स्क्रूड्रायव्हर पेटीच्या बुडाला चिकटवलेला सापडला. बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पण सहा स्क्रू काढण्यात तीन मिनिटं गेली, आणि झाकण निघालं तशी तिची दातखीळ बसली.

आत दोन जबडे होते आणि त्यांत सरळ, एकसारखे, चकचकीत दात होते. पुढचा दात कानशीनं घासून मागे आणला होता, मागच्यावर लाकडाच्या भेगांत भरतात ती लांबी थापून त्याला पुढे आणलं होतं आणि आडव्याचं तर नावनिशाण नव्हतं. वरून पॉलिशचा हात.

बाईंनी मॉडेल उचललं, फिरवलं. "यात तुम्ही उपचार कशावर करणार?"

"मॅडम, हे... हे उपचारानंतरचं आहे."

"अस्सं? उपचार किती महिने चालले?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं खरं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "एक दुपार. माझे बाबा सुतार आहेत. मी त्यांना म्हटलं, दात नीट करून ठेवा."

उजवीकडच्या परीक्षकांना ठसका लागला. बाईंनी मॉडेल उलटं केलं. तळाशी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'उजवीकडे २ मि.मी. जास्त होतं. काढलं.'

"हे दोन मिलिमीटर कशानं मोजले?"

"डोळ्यानं. ते सगळं डोळ्यानंच मोजतात. पण मॅडम, बरोबर आहे ते! माझ्या मापातही दोनच आले होते." आता बुडायचंच आहे तर निदान शेवटपर्यंत बोलून बुडू, असं तिला वाटलं. "खडू देता का?"

आणि फळ्यावर तिनं पोस्टमनकाकांचं अख्खं तोंड काढलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात तिला पाठ होते. कुठला कुणाला ढकलतोय, कुणाला आधी हलवायचं, कुणाला धीर धरायला सांगायचं, ती सांगत सुटली. सातची वीस मिनिटं झाली तरी कुणी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "बाबांनी दुपारभरात केलं, मला दोन वर्षं लागतील. पण माझ्या हातचे दात चावतीलसुद्धा."

आणि बाई हसल्या. चांगल्या खदखदून हसल्या. बाईंना दात होते, आणि पुढचा एक चांगलाच वाकडा होता.

घरी येताना ती बाबांवर रागावायचं ठरवून आली होती. पण ते फाटकातच उभे होते. "काय गं, आवडले का दात त्यांना?"

त्यांचा चेहरा बघून तिचा राग कुठल्या कुठे पळाला. "आवडले ना! सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले."

पंधरा दिवसांनी पोस्टमनकाका सायकल अंगणात टाकूनच पळत आले. "कॉलेजचं पत्र!"

तिनं पाकीट फाडलं. "'आपली आमच्या विभागात नेमणूक करण्यात येत आहे'... आई! झालं!"

आईनं सवयीप्रमाणे पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. "यात 'श्री.' लिहिलंय."

पत्र बाबांना होतं. विभागातली मॉडेल ठेवायला पेट्या करायच्या, आठवड्यातून दोन दिवस. खाली अट होती : 'पेटीत ठेवायच्या वस्तूला कारागिराने हात लावू नये.'

"म्हणजे काय? मी कशाला हात लावला?" बाबा म्हणाले. पण लेकीचा पडलेला चेहरा दिसला आणि त्यांनी पत्र घडी करून ठेवलं.

"अहो, थांबा की!" पोस्टमनकाका पिशवीत कोपरापर्यंत हात घालत म्हणाले. "दुसरं रजिस्टर आहे. सही लागते त्याला."

दुसरं पत्र तिचं होतं. तीन जागांपैकी तिसरी. ती बाबांच्या गळ्यातच पडली.

"नव्याण्णव टक्के," आई डोळे पुसत म्हणाली.

"अगं, पत्र हातात आहे!"

"असू दे. शंभर आम्ही कधीच म्हणत नाही."

पोस्टमनकाका हसले. आज तोंडावर धरायला पाकीट उरलं नव्हतं, त्यामुळे सगळेच्या सगळे दात उन्हात आले. बाबा पुढे झाले, चष्मा वर करून त्यांनी ते दात नीट न्याहाळले. "अरे, हेच ते! उजवीकडे दोन मिलिमीटर," ते पुटपुटले आणि त्यांचा हात खिशातल्या कानशीकडे गेला.

"बाबा!"

पोस्टमनकाकांनी घाईघाईनं तोंड मिटलं.