बनियनवरचा शेंदरी डाग

हौसाने नवऱ्याचा बनियन उजेडात धरला आणि तिचं डोकंच फिरलं. काखेत शेंदरी डाग! पुंडलिक हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवायचा, तेव्हा डागाचं नवल नव्हतं. पण यंदा मालकाने शेंदरी डबा अजून फोडलाच नव्हता. तिथेच मूर्तींचे डोळे आखणाऱ्या हौसाला एवढं ठाऊक होतं. मग हा रंग कुठल्या घरचा?

पंधरा दिवस गडी चहाही न घेता, पाण्याने भांग पाडून सकाळीच सटकत होता.

"कुठं चाललाव?"

"जरा पाय मोकळे करतो गो."

"त्याला भांग लागतो व्हय?"

पुंडलिक नुसताच खोकला नि गेला.

हौसाने लेकीला कडेवर घेतलं, बनियन मुठीत धरला आणि मागोमाग निघाली. स्वारी थेट गावच्या आशा सेविकेच्या, मैनाच्या घरात शिरली. मैना गावातल्या गरोदर बायकांचं बघायची. 'ह्यांना काय दिवस गेलेत?' हौसाने खिडकीतून डोकावलं.

"आ करा," मैना लाडात म्हणाली. निदान हौसाला तरी ते लाडातच वाटलं. "गिळलं? जीभ दाखवा बघू."

आणि पुंडलिकाने शहाण्या बाळासारखी जीभ दाखवली!

"घरात विचारलं तर तोंड उघडत नाय," हौसा दारातून कडाडली, "आन् हितं जीभ काढून दावताव? हा रंग कुणाचा? मी चालले रोह्याला, माहेरी!"

पुंडलिकाला ठसका लागला. मैनाला हसू आवरेना.

"रंग गोळ्यांचा हाय गो. घामसुदा शेंदरी होतो. टीबी झालाय ह्यांना. रोज माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या, असा नेम हाय. तुला नि पोरीला तपासायला आणा म्हणून सांगून दमले मी."

हौसाने लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"मला का नाय सांगितलंत?"

"तू पोरीला घेऊन रोह्याला गेली असतीस," पुंडलिक पुटपुटला.

"न सांगता तरी कुठं थांबत होते!"

दुसऱ्याच दिवशी मायलेकी पेणच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून आल्या. दोघी ठणठणीत निघाल्या. येताना हौसा मैनाच्या दारात थांबली.

"ह्यांच्या गोळ्या माझ्याकडं दे. उद्यापासनं माझ्यासमोर गिळतील."

मैनाने सगळं नीट समजावलं, रोज विचारायला येईन म्हणाली आणि गोळ्या दिल्या.

सकाळी पुंडलिक उठला तसाच चुलीपाशी बसला आणि हात पुढे केला. हौसाने गोळ्या पदराखाली घेतल्या.

"आधी भांग पाडून या."

तो मुकाट्याने पाडून आला. हौसाने भांग निरखून पाहिला, बोटाने जरा सरळ केला.

"आता आ करा," ती म्हणाली. या वेळी मात्र खरंच लाडात.